एक पट्टी वर

दुकानासमोरच्या बसथांब्यावर कुणाच्या तरी मोबाईलवर चंदेरीचं गाणं लागलं, की कानसेनांचा दिवस फुकट गेला म्हणून समजावं. ते हातातला चहा तसाच खाली ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि रस्ता ओलांडून त्या अनोळखी माणसापुढे जाऊन उभे राहत.

"हे गाणं असं नाही," ते सांगत.

माणूस बिचारा आधी मागे वळून बघे, मग घाईघाईनं आवाज कमी करे.

"आवाजाचं नाही म्हणत मी. गाणं हळू केलंय. पूर्ण एक पट्टी खाली उतरवलंय. मूळ गाणं माझ्याकडे आहे, ऐकायचं असेल तर या."

तोवर बस येई आणि माणूस सुटे. कानसेन परत येऊन गार झालेला चहा पीत आणि त्याचाही राग त्या बसवर काढत.

कानसेन हे लोकांनी ठेवलेलं नाव. चाळीस वर्षांपूर्वी ते कॅसेट भरून द्यायचे, तेव्हापासूनचं. लोक गाण्यांची यादी घेऊन यायचे आणि कानसेन आपल्या रेकॉर्ड प्लेअरवर तबकड्या लावून ती गाणी कोऱ्या कॅसेटवर उतरवायचे. बाकीचे कॅसेटवाले अर्ध्या तासाची बाजू संपली की शेवटचं गाणं मधेच तोडायचे. कानसेनांनी उभ्या आयुष्यात एक गाणं तोडलं नाही. त्यासाठी त्यांनी एक वही केली होती. घड्याळ हातात धरून प्रत्येक गाणं मोजलेलं, मिनिटं आणि सेकंदांसकट. गिऱ्हाईकाची यादी वाचतानाच ते मनात बेरीज करत आणि म्हणत, "तुमचं सातवं गाणं काढा, त्याजागी हे घ्या, बारा सेकंद उरतील." आणि खरोखर बाराच उरायचे. या वहीचा त्यांना इतका अभिमान होता, की पाहुण्यांना ती फोटोंच्या अल्बमसारखी दाखवत.

आता त्या दुकानात त्यांचा मुलगा मोबाईलची कव्हरं विकतो. कानसेनांना मागचा एक कोपरा मिळालेला, तिथं तो रेकॉर्ड प्लेअर चादरीखाली झाकून ठेवलेला आणि बाजूला त्यांची खुर्ची. खुर्चीत बसून ते कव्हरं घ्यायला आलेल्यांना संगीत शिकवतात. न मागता.

शिकवणं म्हणजे तरी काय, तर त्या काळच्या माणसांची आठवण. सगळे वादक एका खोलीत बसायचे, एकाचा हात चुकला की वीस जणांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवायचं. संगीतकार होते त्यांना सगळे शिट्टीवाले म्हणत, कारण त्यांना सुरावट कागदावर लिहिता येत नसे. चाल शिट्टीवर वाजवून दाखवत. अ‍ॅकॉर्डियन वाजवणारा डावरा. तो डाव्या हाताचा होता आणि ते नुसतं ऐकूनसुद्धा कळतं, असा कानसेनांचा दावा. आणि गाणारी चंदेरी. रेडिओवरच्या निवेदकानं एकदा तिच्या आवाजाला चंदेरी म्हटलं आणि ते नावच पडलं. सहा-सात वर्षं गायली, मग कुठं गेली कुणास ठाऊक. तिच्या एका गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी, डावऱ्याचं वाजवणं संपतं तिथं, कुणाची तरी खुर्ची वाजते. मूळ तबकडीवर ती "चिक्" करते. मोबाईलवर "कर्र" करते. "खुर्चीसुद्धा खोटी घातलीय लेकांनी!" असं म्हणताना कानसेनांचा आवाज अक्षरशः थरथरे. जगात इतकी फसवणूक राजरोस चाललेली आहे आणि आपल्याखेरीज कुणाला तिचं सोयरसुतक नाही, हे त्यांना सहन होत नसे.

त्यांनी पत्रं लिहिली. गाणी पुरवणाऱ्या मोबाईल कंपनीला अकरा पत्रं, मुलाकडून टाईप करवून. उत्तर प्रत्येक वेळी तेच: आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत, आमच्या सेवेला पाच तारे द्याल का? बाराव्या पत्राला मुलानं हात जोडले.

त्याच गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात ती जागा आहे. जागा म्हणजे गळा जिथं खास काही करून दाखवतो ते ठिकाण. बाकी सगळी वाद्यं थांबतात, चंदेरीचा आवाज एकेक पायरी वर चढतो आणि अगदी टोकाला जाऊन उभा राहतो. कानसेन त्या वेळी डोळे मिटत. आणि त्यांची धाकटी बहीण त्या वेळी उठून पाणी आणायला जाई.

तिला घरात सगळे धाकटीच म्हणत, आता साठी ओलांडली तरी. नवरा गेल्यावर ती दुकानामागच्या जिन्यानं वर दोन खोल्यांत राहायला आली. इस्पितळाच्या धुलाईघरात तिनं तेहतीस वर्षं चादरींना इस्त्री केली. बोलणं मोजकं. गाणं लागलेलं असलं तर ऐके, मान डोलावे, पण दुसरं कडवं संपत आलं की म्हणे, "पाणी आणते." घरात कुणाला तहान लागलेली असो वा नसो. इतक्या वर्षांत त्यात काही वेगळं आहे असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

खरं तर यायला हवं होतं, निदान कानसेनांच्या तरी. धाकटी एकोणीस वर्षांची असताना गावात एक वाद्यवृंद निघाला होता. कारखान्यातला एक फिटर त्याचा प्रमुख, त्याला मास्तर म्हणत. शाळेच्या रिकाम्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी तालमी व्हायच्या आणि सगळी गाणी कानसेनांच्या कॅसेटवरून बसवायची. चंदेरीचं ते गाणं धाकटीला दिलं होतं. दोन कडवी तिनं अशी म्हटली, की ढोलकवाला वाजवायचं विसरून बघत राहिला. पण ती जागा आली आणि आवाज फाटला. पुन्हा म्हटली, पुन्हा फाटला. तीन वेळा.

मास्तर म्हणाले होते, "एक पट्टी खाली घेऊ या. काय बिघडतं?"

कानसेन तालमीला तज्ज्ञ म्हणून बसलेले. तिशीही गाठली नव्हती, पण तोरा साठीचा. ते चौदा माणसांसमोर म्हणाले, "पट्टी उतरवायची नाही. चंदेरीला जमतं ते हिला जमत नसेल, तर हिनं घरात गुणगुणावं. स्टेजवर यायला गळा लागतो."

धाकटीनं गाण्याचा कागद घडी करून खुर्चीवर ठेवला आणि घरी गेली. गाणं एका किनऱ्या आवाजाच्या मुलीला मिळालं. घरी आल्यावर धाकटी एवढंच म्हणाली होती, "दादा, रेडिओबरोबर म्हणते तेव्हा ती जागा मला नीट लागते. तुझ्या कॅसेटबरोबरच लागत नाही."

"रेडिओचे सेल उतरले असतील," कानसेन म्हणाले.

सेल उतरले तर रेडिओचा आवाज बारीक होतो, गाणं हळू होत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण कानसेनांच्या कानापुढे अक्कल चालवायची कुणाची हिंमत नव्हती, त्यांची स्वतःचीही. धाकटी गप्प बसली ती बसलीच. त्यानंतर तिला कुणी गुणगुणतानाही ऐकलं नाही.

यंदा मुलानं कोपरा मागितला. त्याला तिथं चार्जरचा स्टँड लावायचा होता.

"बाबा, तो प्लेअर सहा वर्षं चादरीखाली आहे. गाणी सगळी मोबाईलवर आहेत की."

"मोबाईलवर आहेत ती गाणी नाहीत!" कानसेनांनी वही काढून आपटली. "हे बघ. चंदेरीचं गाणं, चार मिनिटं शून्य सेकंद. तुझ्या मोबाईलवर किती?"

"सव्वाचार."

"हे दुसरं. तीन मिनिटं बारा."

"इथं तीन चोवीस दाखवतोय."

"आणि हे पाच वीस."

"पाच चाळीस." मुलानं वहीतले आकडे पुन्हा पाहिले. "बाबा, सगळी एकाच हिशेबानं लांबलीत. मिनिटामागे चारेक सेकंद. असं कसं होईल? कंपन्या तर वेगवेगळ्या आहेत."

"म्हणजे सगळ्यांचा कट आहे," कानसेन म्हणाले. "रविवारी चार वाजता दाखवतोच. मूळ तबकडी आणि तुझा मोबाईल, शेजारी शेजारी. मग बोल."

त्यांनी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मूळ गाणं ऐका, रविवारी दुपारी चार वाजता', आणि तो पुठ्ठा दुकानाच्या काचेवर चिकटवला. मुलानं एकच अट घातली: रविवारनंतर कोपरा रिकामा. कानसेनांनी ती ऐकली न ऐकल्यासारखी केली.

शुक्रवारी चादर काढली तर प्लेअरचा रबरी पट्टा वितळून गुळासारखा चिकटलेला. मुलानं नवा पट्टा आणून दिला. तो बसवताना मोटरवरच्या छोट्या पितळी पुलीला तडा गेलेला दिसला. मोटर ही पुली फिरवते, पुलीवरून पट्टा जातो आणि पट्टा तबकडीचं चाक फिरवतो, एवढंच ते यंत्र. पुली जुनी, लेथवर करून घेतलेली. कानसेन शनिवारी सकाळी ती रुमालात बांधून लेथवाल्याकडे गेले.

लेथवाला आता थकला होता. दारातल्या खुर्चीत बसून रस्ता बघायचा. लेथ त्याची मुलगी चालवायची. तिनं पुली बोटांत फिरवून पाहिली, कॅलिपर लावून जाडी मोजली.

"साडेआठ मिलिमीटर. काका, प्लेअर कुठल्या मॉडेलचा?"

कानसेनांनी सांगितलं. तिनं तेलकट बोटांनी मोबाईलवर शोधलं.

"कंपनीची आठची आहे. ही जाड आहे. जाड पुली म्हणजे चाक जास्त जोरात फिरणार. गाणं पळत असेल तुमचं."

"गाणं पळत नाही," कानसेन म्हणाले. "चाळीस वर्षं याच पुलीवर ऐकतोय मी."

"तेच म्हणते. चाळीस वर्षं पळत असेल."

दारातल्या खुर्चीतून म्हातारा खोकला आणि म्हणाला, "मी विचारलं होतं तुला. आठवतंय? पट्टा सैल पडतो म्हणून तू म्हणालास, पुली जरा जाडच कर. मी म्हटलं, अरे, वेग वाढेल. तू म्हणालास, ते माझे कान बघतील."

कानसेनांना आठवत नव्हतं असं नाही. शब्दन् शब्द आठवला, ते म्हणतानाचा स्वतःचा तोरासुद्धा.

"नवी कितीची करू?" मुलीनं विचारलं.

"आठची कर," ते चिडून म्हणाले. "कर आणि दे. बघतोच."

संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर त्यांनी आठची पुली बसवली आणि चंदेरीची तबकडी लावली. मुलाचा जुना मोबाईल मांडीवर घेऊन त्यावरही तेच गाणं एकाच वेळी सुरू केलं. दोन्ही गाणी पाऊल न चुकता शेवटपर्यंत बरोबर चालली. खुर्ची दोन्हीकडे एकाच वेळी "कर्र" वाजली. मग त्यांनी तडा गेलेली जुनी पुली चढवली आणि घड्याळ धरलं. चार मिनिटं, शून्य सेकंद. खुर्ची "चिक्" वाजली.

आधी ते लेथवाल्यावर चिडले: ऐकलं कशाला माझं, कान धरून आठचीच करायची. मग पट्टा बनवणाऱ्यावर. मग रेडिओवर, की इतकी वर्षं बरोबर वाजत होता तर जरा ठासून का नाही वाजला! चिडायला माणसं संपली तेव्हा ते गप्प झाले. डावरा डाव्या हाताचा आहे हे ज्याच्यावरून ओळखलं, ते वाजवणं डावऱ्यानं तसं कधी वाजवलंच नव्हतं. ज्या चंदेरीवर आयुष्य ओवाळून टाकलं, तिला त्यांनी एकदाही तिच्या आवाजात ऐकलं नव्हतं. रेडिओवर ऐकलं, तेव्हा नाकं मुरडली. हे सगळं मुकाट्यानं गिळता आलं असतं. पण त्याच्यामागून तो शाळेचा हॉल आला आणि तो घशाखाली उतरेना.

जुनी पुली तडा गेलेली असली तरी चार मिनिटं सहज चालली असती. उद्या माणसं येणार, मूळ तबकडी डोळ्यांसमोर फिरताना बघणार, मोबाईलपेक्षा वेगळं ऐकणार आणि म्हणणार, कानसेन, तुमचंच खरं! लेथवाल्याची मुलगी काही पुठ्ठा वाचून येणार नव्हती. कानसेनांनी दोन्ही पुल्या खिशात टाकल्या आणि सकाळपर्यंत काहीच ठरवलं नाही.

रविवारी सकाळी ते जिना चढून वर गेले. धाकटी इस्त्री करत होती. निवृत्त झाली तरी हात थांबत नव्हते. कानसेनांनी दोन्ही पुल्या इस्त्रीच्या टेबलावर ठेवल्या आणि सांगितलं. सांगताना मधे पट्ट्याचा दोष, त्या काळी सुटे भाग मिळत नसत ती अडचण, असं बरंच घातलं. तिनं इस्त्री उभी करून ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे किती फरक?" तिनं विचारलं.

"एक पट्टी. बरोबर एक."

"मास्तर एकच पट्टी खाली घेऊ म्हणत होते."

"हो."

"म्हणजे चंदेरीची पट्टी."

धाकटीनं जाड पुली उचलली, बारीक पुली उचलली, दोन्ही तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या. डोळ्यांना फरक दिसतच नव्हता.

"दादा, माझा आवाज फाटायचा तो अगदी शेवटच्या पायरीला. त्याच्या आधीची पायरी मला रोज लागायची. रोज." तिचा आवाज चढला नाही. "म्हणजे चंदेरी जिथं थांबली तिथं मी पोचत होते. आणि तू मला म्हणालास, गळा लागतो."

"माझं चुकलं," कानसेन म्हणाले. "म्हणून तर आलो ना सांगायला. तू म्हणशील तर पाया पडतो."

"पाया नको पडूस. तेव्हा चौदा माणसांसमोर बोलला होतास. आता वर येऊन, दार लोटून सांगतोयस." तिनं पुल्या त्यांच्या हातात परत दिल्या. "चार वाजता माणसं बोलावलीयस ना? त्यांच्यासमोर सांग."

"अगं, ते मोबाईलसाठी बोलावलेत. तुझं त्यांना काय—"

"त्या चौदा जणांना काय, असं तुला तेव्हा वाटलं नव्हतं," ती म्हणाली आणि इस्त्री पुन्हा हातात घेतली.

चार वाजता दुकानात अकरा जण आले. शेजारचे शिंपी, औषधवाले, बसथांब्यावर कानसेनांच्या तावडीत सापडलेले दोघं-तिघं, आणि पहिल्या रांगेत स्टुलावर धाकटी. कानसेनांनी आठची पुली बसवली. सवयीनं गाडी आधी मोबाईल कंपन्यांवरच गेली. दोन वाक्यं झाली, तेवढ्यात त्यांचं लक्ष स्टुलाकडे गेलं आणि ते अडखळले.

"मोबाईलचं बरोबर आहे," ते म्हणाले. "माझा प्लेअर पळत होता. चाळीस वर्षं. मी तुम्हाला भरून दिलेली एकूण एक कॅसेट पळती आहे."

शिंपी हसले. "जाऊ द्या हो! आमची गाणी लवकर आटपली, वेळ वाचला!" सगळे हसले. मुलानंही सुटकेचा श्वास टाकला. कानसेनही हसायला लागले; एवढ्यावर निभावलं असं त्यांना वाटलं असावं.

"पुढे सांग," धाकटी म्हणाली.

हसणं थांबलं. कानसेनांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी शाळेच्या हॉलचं सांगितलं. मास्तर काय म्हणाले ते सांगितलं. आपण काय म्हणालो ते सांगताना त्यांना वाक्य मवाळ करायचं होतं, पण धाकटीकडे बघत ते जसंच्या तसं म्हणावं लागलं. "मी म्हणालो, हिनं घरात गुणगुणावं. स्टेजवर यायला गळा लागतो. मी तिला चंदेरीच्याही वर गायला लावत होतो. चूक माझी होती. तिचा सूर बरोबर होता."

औषधवाल्यांना राहवलं नाही. "मग आता म्हणा की, ताई! एक कडवं!"

"आता कुठून येणार?" धाकटी म्हणाली. "गळा वापरलाच नाही, तो काय जागेवर बसून राहतो होय? तेव्हा होता." मग तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, "दादा, लाव. मी ऐकते."

कानसेनांनी सुई ठेवली. चंदेरी गायला लागली, तिच्या स्वतःच्या पट्टीत, जरा सावकाश, पोक्त. दुसऱ्या कडव्याआधी खुर्ची "कर्र" वाजली. कुणी दाद दिली नाही, सगळे धाकटीकडे बघत होते. दुसरं कडवं संपत आलं. मुलानं नकळत वाट करून देण्यासाठी आपली खुर्ची मागे सरकवली, आत्या आता पाण्याला उठणार म्हणून. धाकटी उठली नाही. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून, समोर फिरणाऱ्या तबकडीकडे बघत बसून राहिली.

तिसरं कडवं सुरू झालं. एकेक वाद्य थांबलं. चंदेरी पहिली पायरी चढली, आणि धाकटीचे ओठ न बोलता तिच्याबरोबर हलले.

कानसेन प्लेअरजवळून उठले. "पाणी आणतो," ते म्हणाले आणि ती जागा यायच्या आत मागच्या दारानं बाहेर गेले.